उरलेली ऊब

लिफ्टचं दार मिटता मिटता तो आत शिरला आणि तिला हायसं वाटलं. तिच्या दोन्ही हातांत ट्रे होता, ट्रेमध्ये काचेच्या बश्या आणि बश्यांत थलथलणारं जेल. बटण दाबायला तिसरा हात आणायचा कुठून?

"चौथा दाबता का जरा?"

त्याने कोपराने बटण दाबलं. आरामात, ऐटीत. तिला रागच आला. बोट लावलं असतं तर काय झिजलं असतं?

"सकाळी बोटं संपावर असतात," तिच्या कपाळावरची आठी बघून तो म्हणाला. "दुपारी होतील कामावर रुजू."

ती ओशाळली. आणि थोड्याच वेळात तोच माणूस तिच्या प्रयोगशाळेत, तिच्याच समोरच्या खुर्चीत येऊन बसला, तेव्हा तिला कुठे बघू आणि कुठे नको असं झालं.

सांध्यांच्या दुखण्यावर नव्या पट्टीची चाचणी चालली होती आणि डॉक्टरांनी त्याला तिथे धाडलं होतं. तो कर्णबधिर मुलांचा मास्तर. हातांनीच शिकवायचा, हातांनीच रागवायचा.

"पण सकाळी माझे हात तोतरे बोलतात," त्याने सांगितलं. "पोरं आधी हसायची. आता हसत नाहीत, सांभाळून घेतात. ते जास्त लागतं."

गोळ्या त्याच्या पोटाला सोसत नव्हत्या. आणि मुख्याध्यापिकाबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं – सुट्टीनंतरही हात असेच राहिले, तर वर्ग सोडून कार्यालयात बसायचं. हे सांगताना मात्र त्याने विनोद केला नाही.

"आणि हे काय?" त्याने बशीकडे मान वळवली.

"जवस."

"चटणीतली?"

"तीच. पाण्यात टाकली की बी स्वतःभोवती बुळबुळीत थर धरते. कोरड्या मातीत अंकुराची तहान भागावी म्हणून. आम्ही तो थर काढून घेतो, त्याची जाळी करतो आणि जाळीत औषध कोंडतो. सांधा सुजून तापला की जाळी सैल होते, औषध झिरपतं. सांधा निवला की पुन्हा घट्ट."

"म्हणजे त्याला कळतं?"

"कळतं म्हणायचं नाही, असं आमचे सर सांगतात." तिने आवाज खाली आणला. "पण मला विचाराल तर... कळतं."

तो बशीवर वाकला. चिमूटभर बियांनी बशीभर पाणी धरून ठेवलं होतं आणि त्यातून खिडकीचा उजेड आरपार जात होता. हे काम हाती घेऊन तिला कितीतरी वर्षं झाली होती, घरी तर भाऊ तिला 'जवस' म्हणूनच हाक मारायचा. तरी ते जेल बघताना अजूनही तिचा श्वास मंदावायचा. दुसऱ्या कुणाचा श्वास तसा मंदावलेला तिने पहिल्यांदाच पाहिला.

प्रत्येकाची पट्टी वेगळी. म्हणून आधी ज्याच्या त्याच्या बोटांची रोजची ऊब मोजायची आणि जाळी त्याहून जरा वर उघडेल अशी बेतायची. बाकीचे लोक हात सरळ लाकडी ठोकळ्यावर ठेवायचे. याची बोटं ठोकळ्यावर टेकेनात. मग तिने त्याचा हात आपल्या तळव्यावर घेतला आणि सांध्यांवर तापमापक टेकवला.

"दुखतंय?"

"नाही."

"मग श्वास का रोखलाय?"

"तुम्ही मोजताय ना... म्हटलं, हलायला नको."

ती हसली. मोजण्या पुढेही होत राहिल्या आणि तळवाही तोच राहिला. मधल्या वेळात तो तिला पोरांचे किस्से सांगायचा. परीक्षेत बाकाखाली हात घालून एकमेकांना उत्तरं सांगणाऱ्या पोरांचे. तो यायचा त्या दिवशी ती केस जरा नीट बांधून यायची. कुणी विचारलं असतं तर कानावर हात ठेवले असते.

पट्टी तयार झाली. त्याने ती घरी नेली आणि ती ढिम्म उघडली नाही. सकाळमागून सकाळ सांधे सुजत होते, ठणकत होते आणि औषध जाळीत तसंच बसून होतं.

"माझ्या नशिबी आळशी जवस आली म्हणायची," तो म्हणाला, पण चेहरा उतरलेला होता. सुट्टी संपत आली होती. नियमाने पट्टी एकदाच बदलून मिळणार होती. तीही फसली, तर त्याचा वर्ग गेलाच.

तिला अन्न गोड लागेना. कुठे चुकलं?

पुढची मोजणी काकूंनी घेतली. काकू म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत जुन्या सहायक, बोलायला फटकळ. त्यांनी उशी दिली, ठोकळा बाजूला सारला, हात उशीवर ठेवला. आकडा कितीतरी खाली आला.

"यंत्र बिघडलंय," तो गेल्यावर ती म्हणाली.

"यंत्राला काय धाड भरलीय? तू कशावर ठेवून मोजत होतीस?"

तिने आपल्या तळव्याकडे पाहिलं. जिवंत, गरम तळवा! शिकाऊ पोरीनेही केली नसती अशी चूक. तिच्या हाताची ऊब त्याच्या खात्यावर पडली होती आणि तेवढ्या उबेची वाट बघत जाळी बंद राहिली होती.

किती ऊब पडली, ते तरी कळायला हवं होतं. तिने काकूंचा हात तळव्यावर घेऊन मोजला, पहारेकऱ्याचा मोजला, सरांचासुद्धा मोजला. सगळ्यांची बोटं इवलीशीच तापली, जवळपास सारखी. मास्तरची बोटं मात्र त्याच्या कितीतरी पट तापली होती. तिने पुन्हा वजाबाकी केली.

"तुझ्या हाताची ती एवढीशीच," काकू आकड्यावर बोट ठेवत म्हणाल्या. "उरलेली त्याची स्वतःची. आता मला नको विचारूस ती कशाने आली."

ती खुर्चीत बसून राहिली. एक माणूस समोर बसून पोरांचे किस्से सांगत होता, आणि त्याच वेळी त्याचं रक्त बोटांच्या टोकापर्यंत धावत येत होतं, तिच्यासाठी. बियांच्या जाळीचं तिला आजवर नवल वाटत आलं होतं. आता या आकड्याचं त्याहून जास्त वाटलं.

तिने त्याला सगळं सांगितलं. खाली बघत, अडखळत.

"चूक माझी आहे. नवीन पट्टी बेतताना मोजण्या काकू घेतील."

"आणि... उरलेली ऊब?"

"ती तुमची."

तो कानापर्यंत लाल झाला. "म्हणजे मी एवढं तोंड बंद ठेवलं, ते फुकटच गेलं."

"चाचणी संपेपर्यंत मी तुमच्यासमोर येणार नाही. आत्ता काही विचारू नका मला."

"विचारलंय कुठे?"

"विचाराल." तिचे डोळे भरून आले. "आधी तुमचे हात."

नवी पट्टी तिने स्वतः बनवली. तो आला की ती मागच्या खोलीत जाऊन बी चाळत बसायची. त्याचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, शब्द कळायचे नाहीत.

मग एका सकाळी काकू आत आल्या. "उघडली गं. घरी, पहाटे, झोपेत."

कुणाचा हात हातात नसताना, त्याच्या एकट्याच्या खोलीत जाळी सैल झाली होती आणि सांधा निवल्यावर आपली आपण घट्टही झाली होती. तिच्यावाचून. हेच तर हवं होतं. तरी ती रडली आणि जीव भांड्यात पडल्यासारखी हसलीही.

चाचणी संपली त्याच्या दुसऱ्या दिवशी तो आला. शाळा भरण्याआधीच. प्रयोगशाळेच्या काचेबाहेर उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात वर केले. सकाळची वेळ होती आणि दहाही बोटं सरळ उघडली होती. मग ती बोटं बोलायला लागली. छातीपाशी आली, तिच्याकडे वळली, क्षणभर थांबली, पुन्हा वळली. एकदाही अडखळली नाहीत. असं काही सुंदर तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

तिने दार उघडलं.

"मला तुमची भाषा येत नाही हो."

"माहीत आहे. पुन्हा सांगू? सावकाश?"

तिला पहिल्या खेपेलाच सगळं कळलं होतं.

"सांगा," ती म्हणाली.