तान्हेली

वैशाखातल्या एका पहाटे, शंखगडाच्या पायथ्याशी जिथे रानातून उतरलेली ती अरुंद नदी दर्याला मिळते तिथे, गनिमाची अकरा गलबते नांगर टाकून उभी होती आणि त्यांच्यावरची पाण्याची पिंपे कोरडी ठणठणीत पडली होती. गावकऱ्यांनी विहिरींत शेराचा विषारी चीक ओतून गड जवळ केला होता. मागे उरली एकटी आवडाय कोळीण. "माझ्या गुडघ्यांना गड झेपायचा नाय," असे म्हणून तिने सुनेला नि नातवाला वर धाडले होते.

नदीचे पाणी काळेभोर. रानातला पालापाचोळा कुजून ते तसे होई, पण चवीला गोड. गनिमाला हे ठाऊक नव्हते. विहिरीचे पाणी पिऊन त्याची पाच माणसे दगावली होती. पाणी मिळाले तर वेढा टिकणार, न मिळाले तर उठणार, हे आवडायने ओळखले.

शिपायांनी तिला धरून सरदारापुढे आणले आणि त्याच्या दुभाष्याने नदीचे पाणी कसे आहे ते विचारले. "ईष हाय त्यात," ती म्हणाली.

"हिलाच पाजावे का, सरकार?" दुभाष्याने अदबीने विचारले.

"पाजले तर विष दमाने चढते म्हणेल," सरदार उत्तरला. "काठावर बांधा. खायला खारी मासळी द्या. पाणी गोड असेल तर आपल्या हाताने पिईल."

दिवसभर आवडाय तटाकडे बघत राहिली. वरची माणसे मुंगीएवढी दिसत. त्यांत आपला नातू कोणता, हे तिला काही केल्या ओळखू येईना. तिला फार एकटे वाटले. दुसऱ्या दिवशी जीभ टाळ्याला चिकटली. भरतीने नदीचे गोडे पाणी तुंबून वर चढले, पायांना लागले, तेव्हा तिने पाय पोटाशी ओढून घेतले.

दुभाष्या याच मुलखातला. तो जवळ येऊन पुटपुटला, "आये, घोटभर घे. मी पाहिलं नाही म्हणेन."

"आधी तू पी की."

तो दोन पावले मागे सरला. सरदाराने ते पाहिले.

तिसऱ्या पहाटे म्हातारी गेली, आणि दुपारच्या आत अकराही गलबतांनी नांगर उचलले.

गडाचे हवालदार रायाजी सुर्वे खाली उतरून आले. त्यांनी तिच्या कमरेची दोरी ओढून पाहिली. ती पाण्यापर्यंत पोचून वर हातभर उरत होती. रायाजींनी पागोटे उतरवले. सुनेने ओंजळभर पाणी सासूच्या ओठांना लावले, ते हनुवटीवरून ओघळून गेले.

तोवर त्या नदीला नाव नव्हते. तेव्हापासून लोक तिला तान्हेली, म्हणजे तहानलेली, म्हणतात, आणि स्वतः पिण्याआधी पहिली ओंजळ काठावर ओततात.