घराची हमी

चंद्रावरच्या सोनतळ वसाहतीत नव्या कवचाखाली पाय ठेवण्याआधी 'मर्यादा बोलायची' रीत होती. नारळ मागाहून. आधी गणिती माणसाने सगळ्यांसमोर उभं राहून छातीठोकपणे सांगायचं, की या कवचावरचा ताण अमुक मर्यादेपुढे जाणार नाही. मगच लोक बोचकी उचलत. हवा धरून ठेवणारं डोक्यावर ते एवढंच, बाहेर नुसती पोकळी. दुसरं करणार काय?

डॉ. मंदाकिनी देवस्थळी आज दुसऱ्यांदा मर्यादा बोलणार होत्या, आणि बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. कारण समोर हौसाबाई ढवळे डबा घेऊन उभी होती. पहिलं कवच तडकलं ते नेमकं हिच्याच घरावर. नवरा एकनाथ त्यात गेला.

"शेंगदाण्याचे लाडू आणलेत, बाई. तुमच्यामुळं बाकीचं गाव वाचलं."

"मला लाजवू नका हो, हौसाबाई."

"त्यात काय लाजायचं? तुमचं गणित बरोबर होतं, चौकशीतच निघालं की. आपापल्या छपरावरच्या कवचाचे बोल्ट ज्यानं त्यानं आवळायचे. आमच्या ह्यांनीच हलगर्जीपणा केला असणार. पहिल्यापासूनच वेंधळा माणूस!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं. त्यांनी डबा घेतला.

गणित बरोबर होतं, हे खरंच. कवचावरच्या एका ठिकाणचा ताण म्हणजे बाकी सगळ्या ठिकाणांहून येणाऱ्या वाट्यांची बेरीज. ठिकाण जितकं जवळ तितका वाटा मोठा. अगदी खेटून असलेल्याचा तर अफाट. त्यात कवच वक्र, सपाट जागेची सूत्रं तिथे लंगडी पडत. बाईंनी युक्ती काढली. त्या वक्र पृष्ठावर त्यांनी मनोमन 'भिरभिरे' सोडले, म्हणजे पावलोपावली नशिबावर दिशा ठरवणारे कल्पित बिंदू. त्यांचा जुगार सचोटीचा. पुढच्या पावलाला सरासरीने ना नफा ना तोटा. अशा खेळातली हारजीत एकूण किती फुगेल, याला मर्यादा घालता येते. तीच मर्यादा कवचाच्या ताणालाही लागू पडते, हे बाईंनी सिद्ध केलं होतं. फक्त ती साऱ्या कवचाच्या एकूण ताणाची होती, एकेका ठिकाणाची नव्हे.

"हौसाबाई, एकनाथरावांनी बोल्ट आवळले असणार," बाई कशाबशा म्हणाल्या. "माझी हमी अख्ख्या कवचाची होती. सगळा मिळून ताण आटोक्यात राहतो, पण एखाद्याच जागी तो कितीही चढू शकतो."

"म्हणजे गावाची हमी, घराची नाही?"

"नाही."

"तवा ठावं होतं तुम्हाला?"

"होतं. लोक बिचकतील म्हणून बोलले नाही. चौकशीत त्यांनी विचारलं, मर्यादा मोडली का? मी नाही म्हटलं. तेवढंच म्हटलं." बाईंना मान वर करवेना. "शरम वाटते हो मला."

व्यासपीठावरून बाईंना हाक आली.

बाई व्यासपीठावर गेल्या आणि या खेपेला सगळं सांगून टाकलं. ज्यावर ताण चढेल ते घर कोणाचं असेल, हे आधी कळायचा मार्ग नाही, हेही सांगितलं. पुढची माणसं दोन पावलं मागे सरली. आता कोणी आत पाऊल टाकणार नाही, अशी बाईंची खात्री झाली.

तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "एखादंच घर ना? मग चला की!"

हशा पिकला, नारळ फुटला, बोचकी उचलली गेली. आत शिरताना जो तो वर पाहत होता, पण आपल्या नव्हे, शेजाऱ्याच्या छपराकडे.

हौसाबाई जवळ आली. "बघा. त्यावेळी सांगितलं असतंत तरी आम्ही असंच हसत आत गेलो असतो. आमचे हे काही वाचले नसते."

बाईंनी सुटकेचा श्वास घेतला.

"पण मी त्यांच्या फोटोला हार घातला असता," हौसाबाई म्हणाली. "अजून एकदाही घातला नाही."