तळ्याकाठची गळाची काठी

"मासे पकडायला गेला होता म्हणे," भोपळा म्हणाला. "सश्या आणि मासे? गांडूळ दिसलं तरी बाकावर चढायचा तो."

"तेच मी केव्हाची सांगतेय," फटफटी म्हणाली. हे नाव तिला उगाच पडलं नव्हतं. तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. पण सश्या गेल्यापासून ती कामापुरतंच बोलत होती.

भर सुट्टीतली दुपार होती. फटफटी, भोपळा आणि भोपळ्याची धाकटी बहीण मुंगी जिन्यावर बसली होती. सश्याच्या पायरीवर कुणी बसत नव्हतं. मोठ्या कानांचा, जरासा भित्रा, म्हणून तो सश्या. मागच्या आठवड्यात लाकडाच्या वखारीमागच्या तळ्यात तो बुडाला. ओंडके वाळून तडकू नयेत म्हणून वखारवाले ते तिथे तरंगत ठेवत. काठावर गळाची काठी सापडली आणि मोठ्या माणसांनी लगेच निकाल लावून टाकला: पोरगं एकटंच मासे धरायला गेलं, पाय घसरला. मालक म्हणाले, कुंपण धड आहे. राखणदार म्हणाला, मी टक्क जागा होतो. सगळ्यांनी हात झटकले.

फक्त सश्याच्या आईला ते जमत नव्हतं. "सकाळी दूध सांडलं म्हणून मी ओरडले त्याला. माझ्यावर रागावून एकटाच गेला," असं ती येईल त्याला सांगे. काकूंचं ते बोलणं मुलांना ऐकवत नसे.

"मग गळाला गांडूळ कुणी लावलं?" मुंगीने विचारलं.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. "मुंगे, अक्कल आहे हं तुला," भोपळा म्हणाला. "चला, काठीच बघून येऊ."

वखारीच्या धड कुंपणाला मागच्या बाजूने चांगलं मोठं भगदाड होतं. चहाला जायला जवळ पडतं म्हणून कामगारांनीच तारा वाकवल्या होत्या. मुंगी सुळकन आत गेली. भोपळा मात्र अडकला. त्याला ओढता ओढता फटफटीला हसू आलं, आणि आपण हसलो म्हणून लगेच वाईटही वाटलं.

टक्क जागा असणारा राखणदार खाटेवर घोरत होता. काठी त्याच्या खोलीच्या दारामागेच होती. तिला गांडूळ नव्हतं, आणि गळही नव्हता. नुसती काठी आणि लोंबणारी दोरी.

"गळाशिवाय मासे?" भोपळा कुजबुजला.

फटफटीने काठी उचलली. काठीच्या मुठीला सायकलच्या हँडलची निळी पट्टी गुंडाळलेली होती. ती तिनेच गुंडाळली होती, मागच्या सुट्टीत, तिच्या दादासाठी.

भोपळ्यानेही पट्टी ओळखली. कुंपणाबाहेर आल्यावर तो एवढंच म्हणाला, "तू ठरव. आम्ही कुणाला सांगणार नाही."

फटफटी काठी घेऊन घराकडे निघाली. काठी गुपचूप मोडून टाकली असती तर झाकली मूठ झाकलीच राहिली असती. दादा तिचा सख्खा भाऊ होता. पण मग सश्याची आई जन्मभर त्या सांडलेल्या दुधापाशीच बसून राहिली असती.

दादा आठवडाभर ताप आहे म्हणून अंथरुणात होता. फटफटीने काठी त्याच्या पायाशी ठेवली. तो उठून बसला आणि पांढराफटक पडला.

"सश्या एकटा नव्हता ना?"

"नव्हता."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. ओंडक्यांवरून तळं पार करायचा मोठ्या मुलांचा खेळ होता. जो पार करेल तो 'पलीकडचा'. बाकीचे 'अलीकडचे', त्यांना खेळायला घ्यायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. सश्याला पलीकडचा व्हायचं होतं. तो पडला, वरून ओंडके पुन्हा जुळले आणि मुलं पळत सुटली. नंतर सगळ्यांच्या सांगण्यावरून दादाने काठी नेऊन ठेवली.

"मला पोहता येतं गं," दादा म्हणाला. "तरी पळालो. सगळे पळाले म्हणून."

फटफटीला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याची कीवही आली. "काकूंना सांग. मी येते बरोबर."

सश्याच्या घरी शेजारचे मास्तर बसले होते. दादाने मान खाली घालून सगळं सांगितलं. काकूंनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे माझ्यावर रागावून नव्हता गेला?"

"नाही काकू. हसतच आला होता."

काकूंनी पदर तोंडाला लावला. पदराआडूनच त्या म्हणाल्या, "मग पार करताना पडला का रे?"

फटफटीने दादाचा हात धरला.

"नाही," तो म्हणाला. "तो पोचला होता. पलीकडे उभं राहून त्याने दोन्ही हात वर केले."

"मग?"

"कुणीतरी म्हणालं, सश्या रांगत गेला, हे धरायचं नाही. परत ये. मग सगळेच ओरडायला लागले, परत ये, परत ये."

"तूसुद्धा?"

"मीसुद्धा."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग फटफटीच्या डोक्यावर हात ठेवला. "शाब्बास पोरी. आम्ही मोठ्यांनी बघायला हवं होतं ते तुम्ही मुलांनी बघितलं. मालक आणि राखणदाराला मी उद्याच जाब विचारतो." एरवी एवढ्या कौतुकाने ती गल्लीभर सांगत सुटली असती. आज ते कौतुक तिला नको होतं.

काकू उठल्या. आता मार बसणार म्हणून दादाने डोळे मिटले. पण त्यांनी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पलीकडून घरी यायला रस्ता होता रे," त्या म्हणाल्या. "थोडा वळसा पडतो, एवढंच. तेवढं तुमच्यातल्या एकाने तरी त्याला सांगायचं होतं."

दादा तिथेच जमिनीवर बसून रडू लागला. फटफटी त्याच्याजवळ बसून राहिली.