घाबरलोय, बघतोय

सिग्नल हिरवा झाला, तरी पुढची निळी गाडी जागची हलेना. मागे हॉर्नचा नुसता गदारोळ. निळ्या गाडीच्या लगेच मागे ती होती. लोकांना गाडी चालवायला शिकवणं हाच तिचा धंदा, विद्यार्थी तिला मास्तरीणबाई म्हणत. तिने आपली गाडी कडेला घेतली, तरातरा पुढे गेली आणि निळ्या गाडीच्या काचेवर टकटक केलं.

आत एक तरुण डोळे मिटून बसला होता. कपाळावर घाम... स्टिअरिंग आवळून बोटं पांढरी पडलेली.

"अहो, झोप लागली का?"

"नाही." त्याने डोळे उघडले. "घाबरलोय. बघतोय."

"काय बघताय?"

"भीतीच. मघाशी छातीत होती, आत्ता पोटात आहे."

"ती पायात उतरेपर्यंत मागचे लोक आपल्याला कच्चं खातील! सरका पलीकडे."

गाडी बाजूला लागेपर्यंत तिला सगळं कळलं. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी त्याच्या हातून गाडी दुभाजकावर आदळली आणि शेजारी बसलेल्या ताईचा पाय मोडला. ताई केव्हाच चालायला लागली, याचा धीर मात्र मोडला तो मोडलाच. आता ताईचे दिवस भरत आले होते, दाजी जहाजावर नोकरीला, आणि ताई हटून बसली होती — दवाखान्यात नेशील तर तूच! म्हणून आज त्याने कशीबशी गाडी बाहेर काढली होती.

"उद्या सकाळी लवकर या. शिकवते," ती बोलून गेली. मग आठवलं, उद्या तर आपली सुट्टी!

तो रोज येऊ लागला. वळण आलं की त्याचा श्वास अडकायचा, आणि तो पुटपुटायचा, "आली... खांद्यात आहे... असू दे..."

"हे बघायचं म्हणजे काय हो नेमकं?"

"विपश्यना. बुद्धाची शिकवण. जे आहे ते, जसं आहे तसं बघायचं. हाकलायचं नाही, कवटाळायचंही नाही. मग कळतं, ते सारखं बदलतंय."

"आणि समोरून ट्रक आला तर?"

"मग ट्रक बघायचा!"

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. पुसता पुसता दिसलं... तो आरसा जरा वळवून तिच्याकडेच पाहत होता.

"आरसा मागच्या गाड्यांसाठी असतो. तुमची नजर तपासायला हवी."

"माझी ठीक आहे. तुम्हालाच जवळचं नीट दिसत नाही, असा माझा अंदाज आहे."

तिचे कान तापले. ठरलेलं लग्न मोडल्यापासून कुणी जरा गोड बोललं, की ती चेष्टेवारी नेऊन निसटायची. आज मात्र एक चेष्टा सुचेल तर शपथ!

एका दुपारी शिकवणी चालू असतानाच ताईचा फोन आला. "अरे, ये लवकर! बाळ काही थांबत नाही आता!"

ताईला मागच्या सीटवर घेऊन ते निघाले. पुलाच्या चढावर एक बस आडवी घुसली. कचकन ब्रेक... आणि गाडी बंद. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. शिकवणीच्या गाडीत जादा ब्रेक मास्तरीणबाईंच्या पायाखाली असतो. तिचा पाय त्यावर गेलाच होता. 'उठा, मी चालवते' हे शब्द ओठांवर आले होते. तिने ते गिळले.

"कुठे आहे?" तिने हळूच विचारलं.

"गळ्यात. हात थरथरतायत."

"थरथरू देत. थरथरत्या हातांनीही गाडी चालते. पहिला गिअर टाका."

"अरे, तुमचं बघणं नंतर करा!" मागून ताई ओरडली. "मला इथे चांदण्या दिसतायत!"

तो खळखळून हसला. गळा सुटला, गाडीही सुटली.

संध्याकाळी प्रसूतिकक्षाबाहेरच्या बाकावर दोघं बसले होते.

"मी चालवली!" तो पुन्हा म्हणाला. मग आवाज उतरला. "म्हणजे... शिकवणी संपली."

एक विनोद फेकायचा, किल्ली उचलायची आणि चालू लागायचं... सवयीचं होतं ते. पण ती बसून राहिली. घसा कोरडा, तळहात ओले, काळीज धाडधाड. असू दे. आहे तर आहे.

"मला नाही संपायला हवी," ती म्हणाली. "तुम्ही मला... तू मला आवडतोस. झालं, बोलले एकदाची!"

तो वळून तिच्याकडे बघत राहिला. डोळे चमकत होते.

"अरे, बोल की काहीतरी! आता काय बघतोयस?"

"आनंद. अंगभर आहे." त्याने तिचा हात हातात घेतला. "बदलतं सगळं, ठाऊक आहे. पण हा बदलू नये असं वाटतंय... कवटाळतोय मी. तुला पहिल्यांदा पाहिलं तेव्हापासून!"

"बदलला तर बदलू दे. दोघं मिळून बघू."

तेवढ्यात दार उघडून नर्स डोकावली. "मुलगी झाली! मामा कोण? या आत." मग गुंतलेल्या हातांकडे पाहून ती अडखळली. "आणि... या कोण?"

त्याने तोंड उघडायच्या आत, आतून ताईचा दमलेला पण खणखणीत आवाज आला — "मामी आहे ती! तिलाही पाठवा!"