नज्रुल्लोच्या पलीकडे

माझ्या थापा आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहेत. ही थाप नाही. तुमचा विश्वास बसला नाही तर उत्तमच, तुम्हाला तरी झोप लागेल.

ताजिकिस्तानातलं आमचं आपसातलं युद्ध. तवीलदराच्या वरची खिंड, हिवाळ्यातली दुपार. समोरच्या डोंगरावर शत्रू, म्हणजे निम्मे आमचेच सोयरे. धुकं इतकं की शेजाऱ्याचं फक्त कोपर लागायचं. धुक्यात गोळीबार बंद.

म्हणून चहा.

दगडांच्या आडोशाला आम्ही ओळीने बसलो. पियाला सगळ्यांत एक. आचारी शोदमोन आका ओतायचा, पियाला हातोहात जायचा, रिकामा परत यायचा. ओळीच्या टोकाला माझा भाचा नज्रुल्लो. त्याला जिवंत परत आणीन, असं बहिणीला सांगून निघालो होतो. त्याच्या पलीकडे नुसता कडा.

नज्रुल्लोचा पियाला परत आला. आकाच्या हातात पोचला.

आणि टोकाकडून भुरका ऐकू आला...

लांब, ओला भुरका. असा फक्त गुलमुरोद मारायचा. "तुझ्या भुरक्यावर नेम धरतील एक दिवस," म्हणून आम्ही त्याला चिडवायचो.

परवाच त्याला पुरलं होतं.

"मामा," नज्रुल्लो हळूच म्हणाला, "माझ्या पलीकडे कुणी बसलंय का?"

"बिनसाखरेच्या चहासाठी मेल्यावर कोण परत येतंय?"

कुणी हसलं नाही.

"मामा... तो माझ्या अंगावर रेललाय. गार आहे."

"इकडे सरक."

"सरकता येत नाही."

आका माझ्या कानाशी कुजबुजला, "पाहुणा आहे. चहानेच घालवू."

आमच्याकडे पियाला तळापुरताच भरला की 'बसा', काठोकाठ भरला की 'आता निघा'. गुलमुरोद मेला तरी रीत विसरणारा नव्हता.

पियाला माझ्या हातात आला. काठोकाठ. बोटं भाजली. पुढे देत मी म्हणालो, "नज्रुल्लो, तू पिऊ नकोस. पलीकडे दे."

"देतो, मामा."

मग काहीच नाही.

भुरका नाही... श्वासही नाही.

पियाला रिकामा परत आला.

धुकं विरलं तेव्हा टोकाला नज्रुल्लोची बंदूक होती. भोवतीच्या बर्फावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. कड्याखालीही आम्ही उतरून शोधलं, तिथेही नव्हता.

आका रडत होता. "मी तळापुरताच ओतला होता रे. गुलमुरोदला हाकलायला हातच उचलेना."

माझ्या बोटांवर मात्र काठोकाठ पियाल्याचे फोड आले होते.

बहीण अजून विचारते, पोरगा शेवटचं काय म्हणाला?

'देतो, मामा' म्हणाला, एवढं सांगतो.

काय देतो, ते ती विचारत नाही. मीही सांगत नाही.