सरकता उतार

नवी गॅसवाहिनी डोंगरउतारावरून न्यायची की नदीकाठाने वळसा घालून, हे ठरवायला आम्ही तिघं निघालो होतो. मी सुरक्षा निरीक्षक. बरोबर मार्ग आखणारा अभियंता, ज्याला सगळे लंबू म्हणत, आणि कडे चढण्यात मुरलेली ताई. उतार सरकता असेल तर परवानगी नाही, असा नियम. आणि तो स्वतः चालून पाहिल्याशिवाय सही नाही, असा माझा हट्ट.

"मॅडम, जुनी वाहिनी याच उतारातून गेलीय," लंबू म्हणाला. "इतक्या वर्षांत तिला साधं खरचटलं नाही."

खाली नदीपल्याड वस्तीची छपरं दिसत होती. थोड्याच वेळात धुकं चढलं आणि तीही पुसली गेली. तिघं एकाच दोराला बांधलेले; आता पुढचा माणूस म्हणजे नुसता दोराचा ताण! माती भुसभुशीत होती, आणि झाडं सगळी खालच्या अंगाला कलली होती, जणू कुणीतरी मुळांना धरून ओढत होतं.

"थांबा! पाय टाकू नका!" ताई ओरडली.

तिच्यापुढे जमीन फाटली होती. भेग ताजी होती. तुटलेली मुळं अजून ओली, पांढरी. तेवढ्यात माझ्या छातीवरचा डिटेक्टर किंचाळला.

गॅस!

वास कसलाच नव्हता. आमच्या वाहिनीतल्या गॅसला मुळात वास नसतो; गळती कळावी म्हणून तो शहराच्या वेशीवर मिसळतात. धुक्यातून फक्त एक बारीक फुसफुस येत होती. भेगेत जुनी वाहिनी उघडी पडली होती, आणि चक्क वाकली होती.

लंबूने बंद ठेवलेला फोन बाहेर काढला. "व्हॉल्व्ह बंद करायला सांगतो..."

मी त्याचा हात घट्ट पकडला. "इथे नको! एक ठिणगी पुरे आहे!"

"मग खालच्या लोकांचं काय?"

"आधी वर! वारा येतोय त्या बाजूला!"

ताईने दोराच्या लोखंडी कड्या काढून मोज्यात कोंबल्या, दगडावर आपटू नयेत म्हणून. दोर कमरेला नुसत्या गाठींनी बांधला. आम्ही रांगत चढू लागलो. कुठे एक दगड दुसऱ्यावर टक्‌ करून वाजला की तिघांचेही श्वास अडकत. अचानक लंबूच्या पायाखालची माती गेली! दोर ताणला. ताई पालथी पडली, पण तिने एका बुंध्याला मिठी मारली.

"लंबू, हलू नकोस! मॅडम, ओढा!"

ओढला. कसा, ते आजही सांगता येत नाही.

माथ्यावर डिटेक्टर गप्प झाला. लंबूने फोन सुरू करून नियंत्रण कक्षाला लावला.

"दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करा! कारण नंतर विचारा! आणि वस्ती रिकामी करा, आत्ता!"

मग नुसती वाट पाहणं. धुकं विरळ झालं तेव्हा पलीकडच्या चढावर माणसं मुंग्यांसारखी सरकताना दिसली. कडेवर मुलं, पाठीवर म्हातारी माणसं.

आणि उतार निघाला! आधी झाडं, मग सगळा डोंगरच! वाहिनी काडीसारखी मोडल्याचा आवाज आला. मी डोळे मिटले, जाळाची वाट पाहत.

जाळ आला नाही.

खाली नदी गढूळ होऊन चिखलाला धडकत होती.

"नदीकाठानेच नेऊ," लंबू म्हणाला. "कितीही लांब पडू दे."

मी नकाशा उघडला आणि उतारावरच्या मार्गावर फुली मारली.