दाराकडचा पाट

नाहूरला, सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत बदामाचं झाड आहे. त्याच्या सावलीत पौषापासून एक फिरतं घर उभं होतं. पुढे गाडी जोडली की तिच्यामागे निमूट जाणारं, दोन चाकांचं, पत्र्याचं. आत एक पलंग, छोटी मोरी आणि कडेने बल्ब लावलेला भलामोठा आरसा. शूटिंगची मंडळी पूर्वी त्यात तोंडं रंगवायची. मग ते कांदिवलीच्या एका गाळ्यात गंजत पडलं. चंद्रप्रकाशने ते आणलं, घासलं, रंगवलं आणि सेक्रेटरीला गोड बोलून रामनवमीपर्यंत तिथे उभं करायची परवानगी काढली.

हा सगळा खटाटोप वनमालेसाठी.

वनमाला, त्याची बायको, कीर्तन करायची. देवगडकडच्या तिच्या माहेरी रामनवमीचं कीर्तन सव्वीस वर्षं तिचंच. नऊवारी नेसून, झांजा घेऊन ती उभी राहिली की मांडवातली पोरंसुद्धा खाऊ मागायचं विसरत. पण दीड वर्षापूर्वी तिच्या कानात काहीतरी बिनसलं. डॉक्टर म्हणाले, तोल सांभाळणारं कानातलं पाणी बिघडलंय. औषधं घ्या, आणि पायाखाली हलणारं काही नको. गेल्या वर्षी गावी जाणं झालं नाही. यंदा ती वाटेत हवं तिथे थांबून, आपल्या पलंगावर आडवी होत जाणार होती. तिने शांतपणे एक गोष्ट मात्र सांगून ठेवली होती.

"यंदा उभी रवाक जमला नाय, तर झांजा देवळात ठेवन येतलंय. देवाक अर्ध्यार सोडलेला कीर्तन नको."

चंद्रप्रकाश म्हणजे बस आगारात बत्तीस वर्षं फिटरकी केलेला माणूस. सव्वीस वर्षं तिच्या कीर्तनाला गेला, पण समोर बसून एकदाही पुरतं ऐकलं नाही. त्याची जागा मागे, माइकच्या वायरीपाशी. भक्तीचं खातं तिचं, वायरीचं त्याचं.

घरी मुलाच्या, सुशांतच्या, दिवसभर लॅपटॉपवर मीटिंगा. तिथे झांजा कशा वाजवणार? म्हणून सराव या फिरत्या घरातच करायचं ठरलं. पहिल्या दिवशी तिने मोबाईलवर तबला लावला, ठेक्यावर एक पाऊल टाकलं आणि सगळं घर डुललं. तिने मोरीची कड घट्ट धरली. चेहरा पांढराफटक.

"अहो, होडयेत उभी केलात काय माका?"

"दोन दिवस दे," चंद्रप्रकाश म्हणाला आणि दादूला हाक मारायला गेला.

दादूचं मागच्या गल्लीत ग्रिलचं वर्कशॉप होतं. मूळचा परभणीकडचा, दर पौर्णिमेला न चुकता विहारात जाणारा, देवाबिवाच्या भानगडीत न पडणारा. चंद्रप्रकाशचा तीस वर्षांचा दोस्त. त्याने वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि घराला एक धक्का देऊन पाहिला.

"आरं चंद्या, हे घर हाय का पाळणा?"

दोघांनी चाकांना लाकडी पाचरी ठोकल्या. चार कोपऱ्यांना चार स्क्रूजॅक लावले, खाली फरशीचे जाड तुकडे. दोन्ही अंगांना तिरक्या लोखंडी पट्ट्या जोडल्या. चंद्रप्रकाशने आत छताला गवंड्याचा ओळंबा टांगला, दोरीला बांधलेलं ते पितळी टोकदार वजन. खाली कागद चिकटवून ते किती झुलतं त्याच्या तो पेन्सिलीने खुणा करायचा. पहिल्या दिवशी पुरीएवढं वर्तुळ. पाचरी ठोकल्यावर सुपारीएवढं. जॅक आणि पट्ट्या लागल्यावर वाटाण्याएवढं. तिथे मात्र काम अडलं.

"वाटाण्याचं काय घेऊन बसलास?" दादू म्हणाला. "माणूस शिंकला तरी तेवढं हलणारच की."

"तिच्या कानाला वाटाणा पण कळतो रे."

रामनवमीला बारा दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला वनमाला सरावाला उभी राहिली. चंद्रप्रकाश घराखाली पाठीवर पडून दाराकडच्या जॅकचा नट तपासत होता. वर तबला सुरू झाला, तिचं नमन झालं, पूर्वरंग सुरू झाला. तेवढ्यात दाराची लोखंडी पायरी करकरली. त्याच्या डोळ्यांदेखत दाराकडचा कोपरा अर्धं बोट खाली बसला. जड माणूस आत चढला की बसतो तसा.

"दादू, चपला काढ रे बाहेर," तो खालूनच ओरडला.

तो सरपटत बाहेर आला. पायरीवर कोणी नव्हतं. दादू गल्लीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीवर बशीत फुंकर मारत उभा होता.

चंद्रप्रकाशने दारातून आत डोकावलं. वनमाला ठेक्यावर पावलं टाकत होती. एरवी तिच्या प्रत्येक पावलाला कुरकुरणारी जमीन गप्प होती. ओळंबा सरळ उभा. वाटाणा नाही, मोहरीही नाही. दाराशेजारी, भिंतीला टेकून, तिचा शिसवी पाट मांडलेला होता. त्यावर घडी घातलेला पांढरा पंचा.

त्या पाटाची चंद्रप्रकाशला सवय होती. जिथे रामकथा तिथे मारुती येऊन बसतो, म्हणून श्रोत्यांत एक आसन रिकामं ठेवायचं, ही वनमालेच्या गुरूंची शिकवण. सव्वीस वर्षं तो पाट त्यानेच सामानातून वाहिला होता. त्याच्या लेखी ते दोन किलो लाकूड.

तासाभराने झांजा खाली ठेवत ती हसली. कित्येक महिन्यांनी. "आज जमीन हलाक नाय हो. काय केलात?"

"नट आवळला," तो म्हणाला. नट त्याने अजून आवळलेलाच नव्हता.

पुढचे तीन दिवस तेच. चारला तबला, मग पायरीची करकर, मग कोपरा खाली, मग ओळंबा स्तब्ध. कीर्तन संपून आरती झाली की पायरी पुन्हा वाजायची आणि कोपरा वर यायचा. चौथ्या दिवशी त्याने दादूला बोलावलं. वनमालेचा पूर्वरंग रंगात आला होता. दोघे तिच्या पाठीमागे, आरशाकडच्या भिंतीला टेकून उभे राहिले.

"उडी मार," चंद्रप्रकाश कुजबुजला.

"खुळा का तू? वहिनी पडतील."

"मार तर."

ऐंशी किलोचा दादू हलकेच उडाला. जमिनीवर धप्प आवाज झाला. वनमालेने नुसती मान वळवून डोळे वटारले. ओळंबा हलला नाही.

दादूने ओळंब्याकडे पाहिलं, मग पाटाकडे. पंचा मधोमध किंचित दबलेला होता. बाहेर आल्यावर तो चष्म्याची काच पुसू लागला.

"चंद्या, मी काही मानत नाही, तुला ठाऊक हाय," तो म्हणाला. "पण मघाशी आत जाताना मी चपला बाहेर काढल्या. तू सांगितलं नव्हतंस."

आता एखादा म्हणाला असता, चाललंय ते चालू द्या. पण फिटरचा हात तो. जो कोपरा आपोआप खाली बसतो, तो कोपरा त्याला झोप लागू देईना. रस्त्यात असाच बसला तर? घाटात बसला तर? वनमाला बाजारात गेलेली असताना त्याने दाराकडच्या कोपऱ्याखाली एक लोखंडी खांब उभा केला आणि वर चौकटीला पक्का वेल्ड केला. आता हत्ती चढला तरी कोपरा बसणार नव्हता. वेल्डिंगचं सामान आत ठेवायला जागा हवी म्हणून त्याने पाट उचलून आरशामागे सरकवला आणि परत मांडायचं विसरला.

त्या संध्याकाळी तो समाधानात होता.

दुसऱ्या दिवशी चारला तबला सुरू झाला. वनमालेने नमन म्हटलं, एक पाऊल टाकलं आणि थांबली. पुन्हा सुरू केलं. पायरी वाजली नाही. पाचरी, जॅक, पट्ट्या, खांब, सगळं जिथल्या तिथे असताना ओळंबा झुलू लागला. सुपारी. मग पुरी.

ती खाली बसली. डोळे मिटून, दोन्ही हात जमिनीवर टेकवून.

"अहो, कोण नाय इलेला आज."

"कोण यायचं होतं?"

"माका काय म्हायत? मी त्याच्याकडे पाठ करूक नाय कधी, पण बघूक पण नाय. ऐकणारा असला का कळता." तिने झांजांना फडकं गुंडाळलं. "ह्ये पिशवीत ठेवा. देवळात देवच्या आसत."

ती घरी निघून गेली. रामनवमीला सहा दिवस होते.

चंद्रप्रकाश उंबऱ्यावर बसून राहिला. सव्वीस वर्षं मागे उभा राहून तिला लोकांपर्यंत नीट पोचवणारा माणूस. आज त्याच्या हातानेच तिचं ऐकणारं माणूस बाहेर राहिलं होतं. माणूस म्हणावं की काय, ते त्याला ठरवता येईना.

तो उठला. दादूकडून ग्राइंडर आणला. खाली पडून, ठिणग्या खात, त्याने खांब कापून काढला. दाराकडचा जॅक पाव फेरा सैल केला. पाट आरशामागून काढून ओल्या फडक्याने पुसला, धुतलेला पंचा नीट चौघडी करून वर ठेवला. मग आजूबाजूला कोणी नाही असं बघून, ओशाळत, रिकाम्या पायरीकडे पाहून तो म्हणाला,

"चुकलं. उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्याने वनमालेला हाताला धरून आणलं. "एकदाच," म्हणाला. "आणि आज मी समोर बसतो."

"तुम्ही? वायरी कोण बघतलो?"

"मोबाईलला वायर नसते गं."

तो पाटापासून हातभर अंतर ठेवून बसला. दादू दाराच्या पलीकडे अंग चोरून उभा राहिला, वाट मोकळी ठेवून.

तबला. नमन.

पायरी वाजली.

शेजारची जमीन खाली गेल्याचं चंद्रप्रकाशला मांडीला जाणवलं. त्याने मान वळवली नाही. ओळंब्याकडे पाहिलं. तो थांबला होता.

वनमालेचा आवाज मोकळा झाला.

पूर्वरंग संपला. सराव असला तरी मध्यंतरीचा बुक्का ती चुकवायची नाही. दादूला बुक्का चालत नाही हे तिला ठाऊक. त्याच्या तळहातावर तिने साखर ठेवली. चंद्रप्रकाशच्या कपाळाला बुक्का लावला. काळी भुकटी त्याच्या नाकावर, पांढऱ्या सदऱ्यावर सांडली. मग ती पाटाशी वाकली आणि तिथे बसलेल्याचं कपाळ जिथे असेल तिथे, हवेत, तिने चिमूट टेकवली. सोडली.

चंद्रप्रकाश पंच्याकडे बघत होता.

पांढऱ्याशुभ्र पंच्यावर बुक्क्याचा एक कणही पडला नाही.

दादूने तळहातावरची साखर हळूच तोंडात टाकली आणि हात जोडले. कोणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

रामजन्माचं आख्यान झालं, पाळणा झाला, आरती झाली. दोन तास वनमाला उभी होती आणि एकदाही तिने कशाचा आधार घेतला नाही. चंद्रप्रकाशने सव्वीस वर्षांत पहिल्यांदा सगळं ऐकलं. नंतर तो पायरीच्या करकरीची वाट पाहत बसला.

त्या दिवशी पायरी वाजली नाही.

निघायच्या दिवशी, नवमीच्या दोन दिवस आधी, सकाळी सुशांतने जीप मागे आणून जोडली. चंद्रप्रकाशने आतला ओळंबा उतरवला, दोरी गुंडाळून खिशात टाकली. दादूने पाचरी काढल्या. चारी जॅक एकेक करून वर घेतले. शेवटचा जॅक सुटला तसं घर चाकांवर आलं आणि दाराकडच्या अंगाला कललं.

"बाबा, आई आत बसली का?" सुशांतने जीपमधून विचारलं. "तिला सांगा, मधे बस. एका बाजूला वजन येतंय."

वनमाला चंद्रप्रकाशच्या शेजारी उभी होती. काखेत झांजांची पिशवी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. ती हसली, तोंडाला पदर लावून.

"पाट दाराकडेच ठेवलाय ना?" तिने विचारलं.

"तिथेच," तो म्हणाला.

मग त्याने दादूकडून पंप मागून घेतला आणि दाराकडच्या चाकात थोडी जास्त हवा भरली.